आग्रहाचा थर

विज्ञानानं आरसा समोर धरला की माणूस नम्र होतो. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही हे कळलं तेव्हा तो नम्र झाला. आपण वानरांचे भाऊबंद आहोत हे कळलं तेव्हा आणखी नम्र झाला. प्रभाकर माईणकरांसमोर विज्ञानानं मिरजेच्या एका हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावरच्या गार खोलीत आरसा धरला, तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग दार कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवलं.

समोरच्या पडद्यावर मनोहर बेळंकीकर होते. म्हणजे त्यांच्या हृदयाला रक्त पुरवणारी एक वाहिनी होती, आतून पाहिलेली. बेळंकीकर हे माईणकरांचे व्याही, मुलगी ऋजुताचे सासरे. ती त्यांना अप्पा म्हणे. ते स्वतः शेजारच्या खोलीत मनगटाला पट्टी बांधून पडले होते. पडद्यावरचा त्यांचा भाग आडव्या चिरलेल्या कांद्यासारखा दिसत होता. मध्ये काळं भोक, भोवती करडी कडी. डॉक्टर तस्नीम मुजावर यांनी एका बाजूला साचलेला जाड पट्टा बोटानं दाखवला. "आत चरबी आहे आणि वरचं आवरण दुधावरच्या सायीएवढं पातळ. साय फाटली की तिथं रक्त गोठतं आणि वाट बंद होते. कधी फाटेल ते सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात दोन स्टेंट, म्हणजे जाळीच्या नळ्या, घालू," असं म्हणून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

घोटाळा त्यानंतर झाला. विहीणबाईंनी, म्हणजे सुमतीबाई बेळंकीकरांनी, पर्समधून फोन काढला आणि हॉस्पिटलनं पाठवलेलं तेच चित्र 'वलय' नावाच्या ॲपमध्ये टाकलं. 'वलय'नं थोडा विचार केल्यासारखं केलं. मग जाड पट्ट्यातलं एक कडं पिवळं झालं, त्यातून एक रेघ बाहेर आली आणि रेघेच्या टोकाला एक फोटो उघडला. लग्नाची पंगत होती. फेटा एका कानावर आलेला एक गृहस्थ डाव्या हातानं बेळंकीकरांची हनुवटी धरून उजव्या हातानं त्यांच्या तोंडात जिलबी घालत होता. तोंडं दोघांचीही उघडी होती.



"हे तुम्हीच ना, व्याही?" सुमतीबाईंनी विचारलं.

"फेटा माझाच आहे," माईणकर म्हणाले.

यात विज्ञान काय होतं ते सांगून टाकतो. पूर्वी रक्तात औषध सोडून बाहेरून क्ष-किरणांनी चित्र काढत. त्यात वाहत्या रक्ताची सावली दिसे, वाहिनीची भिंत दिसत नसे. नळाची धार बारीक झाली एवढं कळे. नळ आतून किती गंजलाय ते कळत नसे. म्हणून मग मनगटातून शेवईएवढी नळी आत सरकवायची अशी पद्धत आली. नळीच्या टोकाला तांदळाच्या कणीहून लहान स्फटिक असतो. माणसाला ऐकू न येणारा आवाज तो करतो आणि भिंतीवरून परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. चरबी मऊ, तिचा प्रतिध्वनी क्षीण, म्हणून ती काळपट दिसते. तंतू करडे. कॅल्शियम दगडासारखं लख्ख चमकतं आणि आपल्यामागे सावली टाकतं. नळी हळूहळू मागे ओढत आणली की वाहिनीच्या हजारो चकत्या मिळतात.

इथपर्यंतचं सगळं जुनंच. नवं एवढंच, की या चकत्यांमधले थर यंत्रं आता वेगळे काढू लागली होती. जुना थर आक्रसलेला आणि चुनखडी धरलेला, नवा सैल आणि ओलसर. लाखो लोकांच्या चकत्या पाहून यंत्राला थराचं वय सांगता येऊ लागलं. डॉक्टरांना त्याचा उपयोग असा, की कोणता थर अजून वाढतोय आणि कोणता निवांत पडून आहे ते समजावं. लोकांना उपयोग निराळा. रोग किती आहे यात घरातल्यांना फार रस नसतो. तो कुणामुळे झाला हे मात्र सगळ्यांना हवं असतं. 'वलय'नं ते दिलं. थराचं वय आणि फोनमधले जुने फोटो जुळवून ते प्रत्येक कड्याला एक प्रसंग चिकटवत असे.

दोन वर्षांत महाराष्ट्राचा स्वभाव बदलला. पुण्यात एका सुनेनं सासूचा सगळ्यात जाड थर आपण त्या घरात येण्याआधीचा आहे हे सिद्ध केलं आणि त्याची फ्रेम करून दिवाणखान्यात लावली. कोल्हापुरातल्या एका मिसळवाल्यानं पाटी लिहिली, 'आमचा थर आढळल्यास दाखवा, पुढची प्लेट मोफत.' लग्नपत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' याच्या खाली आणखी एक ओळ आली, 'कृपया आग्रह करू नये.'

ती ओळ वाचली की माईणकरांना आपलं नाव छापल्यासारखं वाटे.

कारण आग्रह ही त्यांची ओळख होती. वीज मंडळात त्यांनी उभी नोकरी केली, पण तिथलं त्यांचं काही कुणाला आठवत नाही. पंगतीतलं सगळं आठवतं. सांगलीत कुणाकडेही कार्य असलं की यजमान आधी माईणकरांना सांगून ठेवत आणि मग आचारी ठरवत. पानावर हात आडवा धरलेला दिसला की इतर वाढपी पुढे जात. माईणकर बोटांमधली फट शोधत. त्यांच्या मते पहिलं 'नको' रीत म्हणून असतं, दुसरं बायको बघतेय म्हणून, आणि तिसऱ्या 'नको'पर्यंत माणूस मनातून तयार झालेला असतो.

मुलीच्या लग्नात त्यांनी कळस केला होता. विहिणीची पंगत बसली, तेव्हा बेळंकीकरांना त्यांनी एवढ्या जिलब्या खाऊ घातल्या की शेवटी दोघांनी धरून त्यांना पाटावरून उठवलं. गेली बारा वर्षं माईणकर ही हकिकत सांगत आले होते. सांगताना त्यातलं एक वाक्य मात्र ते गाळत. बेळंकीकरांनी हनुवटी सोडवून घेत हळूच म्हटलं होतं, "माईणकर, खरंच नको."

त्यातलं 'खरंच' खरं होतं. ते माईणकरांना तेव्हाच कळलं होतं. पण पंगत बघत होती, फोटोग्राफर "काका, अजून एक" म्हणाला होता, आणि जिलबी हातात होती.

"तो थर माझा आहे," घरी येऊन ते बायकोला म्हणाले.

कुमुदताई शेंगा सोलत होत्या. "तुमचा कसा? त्यांच्या अंगात आहे तो."

"पण घातला मी ना."

"मग आता डॉक्टर बघतील. ती परात सरकवा इकडे."

"तू तरी मला अडवायचंस, कुमुद."

"अडवलं होतं. तुम्ही माझ्याच पानात दोन वाढल्यात."

त्यानंतर माईणकरांना सांगलीत फिरायची सोय उरली नाही. जो भेटेल त्याच्या पोटाकडे आधी नजर जाई. भाजी मंडईत शहाणे भेटले, जरा धापा टाकत होते. यांच्या मुलाच्या मुंजीत आपण श्रीखंडाचं भांडं यांच्या वाटीवर उपडं केलं होतं, हे माईणकरांना आठवलं.

"तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम. का हो?"

"सहज. छातीत वगैरे काही?"

शहाण्यांनी कोथिंबीर न घेताच रस्ता ओलांडला. पुढच्या कार्याचं आमंत्रण त्यांच्याकडून आलं नाही, आणि माईणकरांनी ते स्वतःच्या शिक्षेत धरलं.

मुलीचा फोन आला तो आणखी वाईट. ऋजुता आवाज खाली आणून बोलत होती. "बाबा, काल पाहुणे आले होते. इकडच्या आई त्यांना म्हणाल्या, 'ह्यांचं दुखणं माहेरचं आहे.' पाहुण्यांनी विचारलं, कुणाच्या माहेरचं? तर नुसतं माझ्याकडे बघितलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? चहा ठेवला. तुम्ही एकदा अप्पांशी बोलून टाका ना. त्यांचा राग नाहीये. ते नुसतेच गप्प आहेत."

माईणकरांनी ठरवलं, बोलायचं. माफी मागायची, सरळ शब्दांत. व्याही काही आपल्याला हाकलून देणार नाहीत, निदान स्टेंट घालून होईपर्यंत तरी नाहीत. योगायोगानं बेळंकीकरांनीच निरोप धाडला, की हॉस्पिटलात दाखल होण्याआधी एकदा तुमच्याकडे जेवून जातो. त्या रविवारी दुपारी कुमुदताईंनी दुधीची भाजी, मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी आणि ताक असा बेत केला. वाढायला माईणकर उभे राहिले.

बेळंकीकर मिताहारी माणूस नव्हते, पण मितभाषी होते. एक भाकरी त्यांनी शांतपणे संपवली आणि "पुरे," म्हणून हात ताटावर आडवा धरला. बोटं सवयीनं जरा फाकलेली होती.

माईणकरांना फट दिसली. भाकरी हातात होती, पुढेही झालेली होती. ती त्यांनी परत टोपलीत ठेवली. "बरं," ते म्हणाले.

कुमुदताईंच्या हातातला चमचा थांबला. त्या घरात पंगतीत 'बरं' हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. बेळंकीकरांचा हात थोडा वेळ तसाच ताटावर राहिला. मग तो त्यांनी हळूच काढून घेतला, पाणी प्यायलं, आणि चुकीच्या घरी आल्यासारखं आजूबाजूला पाहिलं.

"भात तरी—" कुमुदताई म्हणू लागल्या. माईणकरांनी डोळे वटारले.

बडीशेप देताना माफीचे शब्द त्यांच्या अगदी गळ्यापर्यंत आले. तोंडातून निघालं ते, "ऊन फार आहे आज." "आहे खरं," बेळंकीकर म्हणाले आणि टोपी घालून निघाले. माईणकरांना वाटलं, माफीचं राहिलं, पण आयुष्यात पहिल्यांदा आपण एका माणसाचं 'नको' ऐकलं. त्या समाधानात त्यांना दुपारी झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुताचा फोन आला. ती रडत होती.

"बाबा, तुम्ही काल काय बोललात त्यांना?"

"काहीच नाही. का?"

"तेच! अप्पा स्टेंटला नाही म्हणतायत. म्हणतात, माईणकरांनी एकदासुद्धा 'घ्या' म्हटलं नाही. जो माणूस तापातल्या पेशंटला लाडू भरवतो, तो मला अर्धी भाकरी वाढत नाही, म्हणजे डॉक्टरांनी खरं काय ते त्यांना सांगितलंय. मला मेल्यात जमा केलंय, म्हणतात. मग कशाला ती जाळी घालून घ्यायची?"

"अगं, पण मी तर त्यांच्या भल्यासाठी..."

"अमोघ त्यांचा मुलगा, तोही समजावून थकला. आई समजावून थकल्या. ऐकतच नाहीयेत. बाबा, ती साय फाटली तर?"

माईणकरांनी फोन ठेवला. वाढून एकदा माणसाला मारायला घेतलं होतं, आता आपण न वाढून मारत होतो. त्यांनी कुमुदताईंकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघता?" त्या म्हणाल्या. "रिक्षा बघा."

मिरजेला बेळंकीकर घरी बाहेरच्या खोलीत बसून वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचत होते. बातमीपेक्षा मांडणी बघत असावेत.

"या व्याही. चहा घ्याल, का तोही सोडलात?"

माईणकर खुर्चीच्या कडेवर टेकले. या वेळी त्यांनी उन्हाचा विषय काढला नाही. "लग्नात तुम्ही 'खरंच नको' म्हणाला होतात. मी ऐकलं होतं. ऐकूनही घातली. तो थर माझा आहे, बेळंकीकर. मला माफ करा."

बेळंकीकरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "म्हणालो होतो होय मी? असेन. मला आठवतं ते वेगळंच. या घरात नको म्हटलं की ताट उचलतात. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही."

"ऐकू येतंय मला," आतून सुमतीबाई म्हणाल्या.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतोय," बेळंकीकर म्हणाले. मग आवाज उतरला. "तुमच्याकडे आलो की वाटायचं, आपण हवे आहोत कुणाला तरी. काल तुम्ही भाकरी परत टोपलीत ठेवलीत. मी बघितलं ते. म्हटलं, संपलं."

"अहो, काल मी पहिल्यांदा तुमचं ऐकलं!"

"ऐकायला कुणी सांगितलं होतं?"

  माईणकर खुर्चीतून उठले आणि वाढपी उभा राहतो तसे, जरा वाकून, बेळंकीकरांसमोर उभे राहिले.

"दोन स्टेंट घ्या."

"नको."

"एक तरी घ्या."

"इच्छा नाही हो."

"इच्छा कशाला लागते? नुसतं मनगट पुढे करायचंय."

बेळंकीकरांनी मान खाली घातली. "माईणकर," ते म्हणाले, "खरंच नको."

माईणकर थांबले. हेच शब्द एकदा ऐकून त्यांनी मानले नव्हते, आणि काल नुसतं 'पुरे' म्हटलेलं मानलं होतं. दोन्ही वेळा चूक त्यांचीच होती. आताचं हे 'खरंच' कसलं, ते सांगायला कोणतंही यंत्र नळी घालून आत जाणार नव्हतं. त्यांना फक्त दिसलं की बेळंकीकरांचा हात पोटावर नव्हता, छातीवर होता, आणि बोटांत फट नव्हती. माणूस भ्याला होता. भ्यालेल्या माणसाच्या 'नको'चा अनुभव माईणकरांना नव्हता. त्यांना येत होतं तेवढंच त्यांनी केलं. डावा हात पुढे करून व्याह्यांची हनुवटी धरली.

"माझ्या गळ्याची शपथ आहे."

"शपथ काढू नका."

"काढली."

"अहो सोडा... बरं, एकच घेईन."

"दोन. व्याह्यांच्या ताटात एकच कधी वाढतात का?"

"जड होईल."

"होऊ दे. मी बसतो ना शेजारी."

बेळंकीकरांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून थोडं पाणी आलं, ते त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसलं. "वाढा," ते म्हणाले.

सुमतीबाई चहा घेऊन बाहेर आल्या. माईणकरांपुढे कप आदळायचा त्यांचा विचार होता, पण कप त्यांनी अलगद ठेवला. "तीन चमचे साखर घातलीय," त्या म्हणाल्या. "तुम्हांलाही बसू दे थर." माईणकरांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

शुक्रवारी दोन्ही स्टेंट नीट बसले. काचेपलीकडे बेळंकीकर डोळे उघडे ठेवून पडले होते आणि कुमुदताईंनी आणलेल्या डब्यात काय आहे हे ऋजुताला खुणेनं विचारत होते. माईणकरांच्या मनावरचा एक दगड उतरला. एक राहिला होता. डॉक्टर मुजावर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"डॉक्टर, एक विचारायचं होतं. तो लग्नाचा थर आता दबला, का आत तसाच राहणार?"

"कुठल्या लग्नाचा?"

माईणकरांनी फोन काढून फोटो दाखवला. डॉक्टरांनी तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"अहो काका, यंत्राला थर किती जुना ते कळतं. तेही चार-पाच वर्षं इकडे-तिकडे. कशाचा ते नाही कळत. हा फोटो त्या ॲपनं आपल्या मनानं लावलाय. लोकांना आवडतं."

"पण थर तर आहे ना?"

"आहे. बेळंकीकरांच्या वडिलांना होता, चुलत्यांना होता. शिवाय रक्तदाब, बैठं काम. वर्षानुवर्षं लागतात त्याला. एका जेवणानं काही बसत नाही."

माईणकरांना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं ते पत्रिकेवरून आपलं नाव वगळल्यासारखं. एवढे दिवस झोप उडवून ते ज्याला आपला म्हणत होते, त्या थरात त्यांचं काहीच नव्हतं. वीज मंडळात नव्हतं, तसंच. त्यांनी एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"पण पुष्कळ खाल्ल्या होत्या हो त्यांनी. माझ्या हातच्या. सगळ्या पंगतीनं बघितलंय. त्या मग गेल्या कुठे?"

डॉक्टर मुजावर यांना पुढचा पेशंट होता.

"जिलबी दोन दिवसांत शरीराबाहेर जाते," त्या म्हणाल्या.